एका घरच्या चार गिटारी

महोत्सवाच्या स्मरणिकेंत धर्मग्रामाचा पूर्ववृत्तांत असावा, दिवंगत धर्मगुरूंच्या सेवेचें स्मरण असावें, मंदिराचा पाया कसा घातला गेला व छपरावर कौलें कोणीं चढविलीं याची नोंद असावी, हें यथायोग्यच आहे. तें कार्य इतर लेखकांकडे आहे. आमच्या वांट्यास संगीताचा विषय आला. तो हातीं घेतांच आमच्या डोळ्यांपुढें आपल्या मंदिरांतील गायकवृंदाचा माळा उभा राहिला. वडीलधारीं माणसें सांगतात कीं, एके काळीं त्या माळ्यावर उभें राहावयास जागा मिळत नसे. सांप्रत नाताळ व ईस्टर हे सण सोडले तर तेथील निम्मीं बांकें रिकामीं असतात. गाणें मंदिरांतून एकाएकीं जात नाहीं. तें आधीं घरांतून जातें. हें ज्यामुळें आम्हांस उमगलें, त्या एका परदेशी कुटुंबाचा वृत्तांत येथें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे. तें कुटुंब म्हणजे स्पेनमधील रोमेरो घराणें, आणि त्यांचें वाद्य गिटार.

हेंच वाद्य कां निवडलें, याचें दुसरेंही एक कारण आहे व तें कबूल करणें प्राप्त आहे. गुरुदीक्षा घेऊन आम्ही एका धर्मग्रामांत सहायक म्हणून नुकतेच रुजूं झालों होतों. तेव्हां दोन तरुण रविवारच्या मिस्साच्या वेळीं गिटार वाजविण्याची अनुज्ञा मागावयास आले. आम्हीं त्यांचें वादन ऐकूनसुद्धां घेतलें नाहीं. हें वाद्य मेजवानीचें आहे, वेदीजवळचें नव्हे, असें सांगून त्यांस वाटेस लावलें. ते पुन्हां माळ्यावर आले नाहींत. गिटार घेऊन नाहीं व गिटारीवांचूनही नाहीं. आमचें तें उत्तर कितपत खरें होतें, याचा शोध घेण्यास आम्हांस पुढें बरीच वर्षें लागलीं.

प्रथम वाद्याची कुळकथा पाहूं. इ. स. १५३६ मध्यें व्हॅलेन्सिया शहरीं लुईस मिलान नामक वादकानें विहुएला या वाद्याकरितां रचनांचा एक ग्रंथ छापून काढला. विहुएला म्हणजे गिटारीच्याच आकाराचें, परंतु जोडतारांचें वाद्य. हा ग्रंथ त्यानें पोर्तुगालचा राजा तिसरा जॉन यास अर्पण केला. वाचकांनीं हें नांव ध्यानांत घ्यावें. याच राजाच्या कारकीर्दींत, १५३४ साली, वसईचा मुलूख पोर्तुगीजांच्या हातीं आला; आणि याच राजाच्या विनंतीवरून संत फ्रान्सिस झेवियर १५४२ मध्यें गोव्यास येऊन पोंचले. ज्या दरबाराकडून आमच्या पूर्वजांकडे धर्मोपदेशक आले, त्याच दरबारीं गिटारीच्या या थोरल्या बहिणीचा असा मान होता.

पुढें १६७४ मध्यें सारागोसा येथें गास्पार सान्स यांचा स्पॅनिश गिटारीच्या शिक्षणाचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. सान्स यांनीं सालामांका विद्यापीठांत ईश्वरविद्येचा अभ्यास करून पदवी घेतली होती. अठराव्या शतकांत माद्रिद येथें मिगेल गार्सिया नांवाचे सिस्टरशियन मठवासी होते. लोक त्यांस फादर बासिलियो म्हणत. ते मठांत ऑर्गन वाजवीत आणि शिष्यांस गिटार शिकवीत. फेर्नांदो सोर यांच्या रचना आजही प्रत्येक गिटार-विद्यार्थ्याच्या हाताखालून जातात; त्या सोरांचें बाळपण मोन्सेर्रातच्या बेनेदिक्तीन मठांतील गायनशाळेंत गेलें. एकोणिसाव्या शतकांत आल्मेरियाचा एक सुतार, आंतोनियो दे तोरेस, यानें वाद्याचें पोट मोठें केलें, आंतून पंख्याच्या काड्यांसारख्या पट्ट्या पक्क्या बसविल्या, आणि आज आपण पाहतों तें गिटारीचें रूप सिद्ध झालें. फ्रान्सिस्को तारेगा यांनीं इतर वाद्यांसाठीं लिहिलेलें संगीत तिच्यावर उतरविलें. आंद्रेस सेगोव्हिया यांनीं विसाव्या शतकांत तिला जगाच्या मोठमोठ्या सभागृहांत नेलें.

याचा अर्थ गिटार केवळ मठांतच वाढली असा नव्हे. ती गुत्त्यांत वाजत होती, न्हाव्यांच्या दुकानांत खुंटीवर टांगलेली असे, आणि आंदालुसियाच्या जिप्सी लोकांच्या नृत्यगायनांत तिला मोठें स्थान होतें. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. आम्हीं त्या तरुणांस अर्धें सत्य सांगितलें होतें. आणि अर्ध्या सत्याच्या आधारानें माणसास दारांतून परत पाठविणें हें असत्याहून फारसें निराळें नाहीं.

आतां मुख्य वृत्तांताकडे वळूं. सेलेदोनियो रोमेरो यांचा जन्म २ मार्च १९१३ रोजीं क्यूबा बेटांतील सिएनफुएगोस या शहरीं झाला. आईबाप स्पॅनिश, कामानिमित्त ते तिकडे गेले होते. पुढें कुटुंब स्वदेशीं परतलें आणि दक्षिण स्पेनच्या किनाऱ्यावरील मालागा हें त्यांचें गांव झालें. पांचव्या वर्षीं सेलेदोनियोंनीं गिटार हातीं धरली व विसाव्या वर्षीं ते जाहीर मैफलींत वाजवूं लागले. रोमेरो या आडनांवाचा स्पॅनिश भाषेंत अर्थ यात्रेकरू असा आहे. रोमच्या यात्रेस जाणारा तो रोमेरो. या घराण्यानें तें नांव पुढें सार्थ केलें.

तो काळ मालागाला फार वाईट होता. १९३१ च्या मे महिन्यांत तेथील अनेक मठ व मंदिरें जमावानें जाळलीं. १९३६ मध्यें यादवी युद्ध पेटलें, आणि १९३७ च्या फेब्रुवारींत शहर पडलें, तेव्हां आल्मेरियाच्या रस्त्यानें पळणाऱ्या हजारों स्त्रीपुरुषांवर व बालकांवर समुद्रांतून आणि आकाशांतून मारा झाला. एका पक्षानें वेदी जाळल्या, दुसऱ्या पक्षानें निराधारांचे जीव घेतले. ख्रिस्ताचें हृदय दोहोंनीं विदीर्ण झालें असेल. अशा वेळीं, १९३६ च्या नोव्हेंबरांत, सेलेदोनियो व त्यांची पत्नी आंहेलिता यांच्या पोटीं थोरला मुलगा सेलीन जन्मास आला. १९४४ मध्यें पेपे व १९४६ मध्यें आंहेल हे धाकटे दोघे झाले. युद्धानंतरचीं तीं वर्षें स्पेनमध्यें उपासमारीचीं म्हणून प्रसिद्ध आहेत.

या घरांत धन नव्हतें. गाणें मात्र होतें. आंहेलिता स्वतः गात असत आणि कास्तानेट, म्हणजे आपल्या चिपळ्यांच्या जातीचें लांकडी वाद्य, वाजवीत असत. तिन्ही मुलांस गिटार शिकविणारा गुरु एकच, आणि तो म्हणजे त्यांचा बाप. मुलें बोलूं लागलीं न लागलीं तोंच वाद्य हाताळूं लागलीं. मधल्या पेपेनें वयाच्या सातव्या वर्षीं सेव्हिल येथील नाट्यगृहांत बापाबरोबर वाजविलें. हें शिक्षण कोणत्याही विद्यालयाच्या तासावर बेतलेलें नव्हतें. जेवणाआधीं, जेवणानंतर, पाहुणे बसले असतां, असें तें अखंड चाले. आमच्या आजोळीं जपमाळेची प्रार्थना जशी कोणी 'शिकविली' नाहीं, ती घरांत चालूच होती म्हणून आली, तसेंच हें.

तत्कालीन फ्रँको सरकारनें सेलेदोनियोंस देशाबाहेर जाऊन वादन करूं दिलें नाहीं. अखेर १९५७ मध्यें या कुटुंबानें मातृभूमि सोडली व अमेरिकेच्या कॅलिफोर्निया प्रांतांत नवा संसार मांडला. भाषा परकी, ओळखी थोड्या; गिटार शिकवून चरितार्थ चाले. त्यांच्याकडे अकराव्या वर्षीं आलेला ख्रिस्तोफर पार्केनिंग हा अमेरिकन मुलगा पुढें स्वतः मोठा वादक झाला. १९६० मध्यें बाप व तीन मुलगे यांनीं मिळून चार गिटारींचा संच उभा केला. लोस रोमेरोस, म्हणजे नुसतें 'रोमेरो मंडळी', असें त्याचें नांव. त्या वेळीं बाप ४७ वर्षांचा होता व धाकटा मुलगा अवघा १४ वर्षांचा. गिटार हें एकट्यानें वाजविण्याचें वाद्य अशीच तोंवर श्रोत्यांची समजूत होती. चार गिटारींचें चतुष्टय व्यासपीठावर बसलेलें त्यांनीं क्वचितच पाहिलें असेल.

चार गिटारी एकत्र वाजविण्यांत अवघड तें काय, असें कोणी विचारील. व्हायोलिनच्या चतुष्टयांत वाद्यें लहानमोठीं असतात: दोन व्हायोलिन, एक व्हियोला व एक चेलो. त्यामुळें ज्याचें त्याचें क्षेत्र निसर्गतःच वांटलेलें असतें. गिटारींचें तसें नाहीं. चौघांच्या हातीं त्याच सहा तारा, सुरांचा तोच पल्ला, तोच नाद. सर्वांनीं एकाच ठिकाणीं गर्दी केली तर गोंगाट होतो. शिवाय गिटारीचा स्वर छेडतांच विरूं लागतो. ऑर्गनच्या स्वराप्रमाणें तो धरून ठेवतां येत नाहीं. कमानीनें वाजणाऱ्या वाद्यांत स्वराचा आरंभ मऊ असतो व लहानसा फरक झांकला जातो. परंतु बोटानें छेडलेल्या तारेचा आरंभ सुईच्या टोंकासारखा असतो. चौघांपैकीं एक जण निमिषभर मागें राहिला तरी सभागृहांत शेवटच्या बांकावर बसलेल्यास तें कळतें. आणि समोर हात हालवून ताल देणारा कोणी नसतो.

यास उपाय दोन. पहिला उपाय लेखणीचा: एकाकडे वरच्या पट्टींतील सुरावट, दुसऱ्याकडे खर्ज, तिसऱ्याकडे मधले स्वरसंघात, चौथ्याकडे लयीचा ठेका, आणि या वांटण्या सतत बदलत्या. घोडीजवळ छेडलें तर स्वर कडक येतो, मधल्या छिद्राजवळ छेडलें तर मृदु. या भेदानेंही आवाज वेगळे राखतां येतात. दुसरा उपाय कानाचा. प्रत्येकानें स्वतःपेक्षां शेजाऱ्याकडे अधिक लक्ष द्यावयाचें, श्वास एकत्र घ्यावयाचा, आणि सुरावट दुसऱ्याकडे गेली कीं आपला आवाज आपण होऊन खालीं आणावयाचा. हा दुसरा उपाय पुस्तकांतून शिकतां येत नाहीं. ज्यांनीं एका ताटांतून भाकर खाल्ली, एकमेकांचीं सुखदुःखें जवळून पाहिलीं, त्यांस तो सहज साधतो.

आतां या मंडळींनीं काय काय वाजविलें तें पाहूं. कारण त्यांच्या संग्रहाची विविधता हेंच त्यांचें वैशिष्ट्य. जर्मन रचनाकार टेलेमान यांनीं साथीवांचून चार व्हायोलिनांसाठीं लिहिलेली एक रचना त्यांनीं चार गिटारींवर बसविली. विवाल्दी यांची चार व्हायोलिनांची रचना त्यांनीं वाद्यवृंदासह चार गिटारींवर वाजविली, आणि त्यांच्या मँडोलिनच्या व ल्यूटच्या रचनाही गिटारीवर आणल्या. येथें सांगितलें पाहिजे कीं, विवाल्दी हे स्वतः अभिषिक्त धर्मगुरु होते व व्हेनिस येथें अनाथ मुलींच्या आश्रमांत संगीत शिकवीत. बिझे यांच्या 'कार्मेन' या संगीतिकेंतील भाग, मान्वेल दे फाया यांच्या संगीतिकेंतील नृत्य, तसेंच हेरोनिमो हिमेनेस यांच्या सार्सुएलांतील मध्यसंगीत हींही त्यांच्या कार्यक्रमांत असत. सार्सुएला म्हणजे संवाद व गाणीं यांनीं मिळून झालेलें स्पॅनिश नाटक. आपल्या संगीत नाटकाचें तें दूरचें भावंडच म्हणावें. याखेरीज आंदालुसियाचें फ्लामेंको संगीत ते ऐकवीत, आणि सेलेदोनियोंनीं स्वतः लिहिलेल्या रचनाही त्यांत असत. दरबार, मठ, रंगभूमि व खेड्यांतील आंगण अशा चार ठिकाणचें संगीत एकाच संध्याकाळीं, आणि प्रत्येकाचा मान राखून, हा त्यांचा परिपाठ.

तथापि दुसऱ्यांसाठीं लिहिलेल्या कृतींवर किती काळ निभावणार? चार गिटारी व पूर्ण वाद्यवृंद यांच्यासाठीं लिहिलेलें संगीत हवें होतें. तें लिहून देण्याची विनंति त्यांनीं होआकिन रोद्रीगो यांस केली. रोद्रीगो यांचा जन्म २२ नोव्हेंबर १९०१ रोजीं, म्हणजे संगीताची आश्रयदात्री संत सिसिलिया हिच्या सणाच्या दिवशीं, सागुंतो येथें झाला. तिसऱ्या वर्षीं घटसर्पानें त्यांची दृष्टि गेली. ते उठावाच्या ब्रेल लिपींत संगीत लिहीत व मग एकेक स्वर लेखनिकास सांगत. १९३९ मध्यें रचिलेल्या 'कोंसिएर्तो दे आरांहुएस' या गिटारीच्या कृतीनें त्यांची कीर्ति जगभर झाली होती. त्यांनीं रोमेरो मंडळींसाठीं 'कोंसिएर्तो आंदालूस' ही तीन भागांची रचना केली. १८ नोव्हेंबर १९६७ रोजीं अमेरिकेंतील सान आंतोनियो येथें, व्हिक्टर अलेस्सांद्रो यांच्या नेतृत्वाखालीं, तेथील वाद्यवृंदासह ती प्रथम वाजली. गिटारीचा आवाज लहान व वाद्यवृंदाचा मोठा. परंतु रोद्रीगोंच्या लेखणीची खुबी अशी कीं, गिटारी बोलूं लागल्या म्हणजे वृंद मागें सरतो. आंधळ्या मनुष्यास दुसऱ्याचा आवाज ऐकण्याची संवय डोळसांपेक्षां अधिक असते, हें त्याचें कारण असावें असें आम्हांस वाटतें.

रोद्रीगोंच्या दुसऱ्या एका कृतीशीं या घराण्याचा संबंध दुःखांतून जुळला. दोन गिटारी व वाद्यवृंद यांच्यासाठीं त्यांनीं १९६६ मध्यें 'कोंसिएर्तो माद्रिगाल' लिहिलें, तें इदा प्रेस्ती व आलेक्सांद्र लागोया या विख्यात दांपत्याकरितां. परंतु १९६७ च्या एप्रिलांत प्रेस्तीबाई अमेरिकेच्या दौऱ्यावर असतां अकस्मात् निवर्तल्या. रचना तशीच पडून राहिली. अखेरीस ३० जुलै १९७० रोजीं लॉस एंजेलिसच्या हॉलीवूड बोल या उघड्या प्रेक्षागारांत पेपे व आंहेल या दोघां भावांनीं, राफाएल फ्रूबेक दे बुर्गोस यांच्या नेतृत्वाखालीं, ती प्रथम लोकांस ऐकविली. पतिपत्नींसाठीं लिहिलेलें संगीत भावाभावांनीं उचललें. संगीत मरूं नये म्हणून कोणी तरी तें हातीं घ्यावें लागतें.

फेदेरीको मोरेनो तोर्रोबा यांनींही या मंडळींसाठीं पुष्कळ लिहिलें. तोर्रोबांस पहिलें संगीतशिक्षण त्यांच्या ऑर्गनवादक पित्याकडूनच मिळालें होतें. तेव्हां बापलेकांच्या या संचाविषयीं त्यांस आपुलकी वाटली तर नवल नाहीं. त्यांचें १९७६ चें 'कोंसिएर्तो इबेरिको' हें चार गिटारी व वाद्यवृंद यांच्यासाठीं आहे. लंडनच्या ॲकॅडमी ऑफ सेंट मार्टिन इन द फील्ड्स या वृंदाबरोबर नेव्हिल मॅरिनर यांच्या नेतृत्वाखालीं रोमेरो मंडळींनीं तें ध्वनिमुद्रित केलें. अमेरिकन रचनाकार मॉर्टन गूल्ड यांनीं त्यांच्यासाठीं चार गिटारींची एक कृति लिहिली. आणि चालू शतकाच्या आरंभीं लोरेंसो पालोमो यांनीं लिहिलेल्या रचनेस 'कोंसिएर्तो दे सिएनफुएगोस' असें नांव दिलें, तें सेलेदोनियोंच्या जन्मगांवाचें स्मरण म्हणून. अशा रीतीनें चार गिटारी व वाद्यवृंद यांचें जें वाङ्मय आज उपलब्ध आहे, त्यांतील मोठा भाग एका घरासाठीं लिहिला गेला. मात्र आज तें संगीत सर्व जगाचें आहे.

रोमेरो मंडळींनीं अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानीं वाजविलें. व्हॅटिकनमध्यें पोप दुसरे जॉन पॉल यांच्यापुढेंही वाजविलें. पुढें संतपदास पोंचलेल्या त्या पोपमहाशयांनीं सेलेदोनियोंस पवित्र समाधीच्या संघाचे सरदार म्हणून गौरविलें. ज्या सरकारनें त्यांस देशाबाहेर जाऊं दिलें नव्हतें तें लयास गेलें, आणि स्पेनचे राजे हुआन कार्लोस यांनीं त्यांस राणी इसाबेलाच्या नांवाचा सन्मान दिला. यात्रेकरूचें नांव धारण करणारा हा मनुष्य रोमपर्यंत पोंचला तो शिफारसपत्रावर नव्हे, सहा तारांवर.

पुढें काळानें आपलें काम केलेंच. १९९० मध्यें धाकटा आंहेल आपल्या स्वतंत्र मार्गानें गेला. घर फुटलें, आतां संच संपला, असें म्हणावयास लोकांस उशीर लागत नाहीं. परंतु त्याच्या जागीं थोरल्या सेलीनचा मुलगा सेलीनो येऊन बसला. ८ मे १९९६ रोजीं सेलेदोनियो कॅलिफोर्नियांत सान दिएगो येथें निवर्तले. तेव्हां चौथ्या खुर्चीवर बसला तो लितो, म्हणजे बाहेर पडलेल्या आंहेलचाच मुलगा. बाप निघून गेला तरी मुलासाठीं काकांनीं जागा ठेवली होती. पेपेचा मुलगा तर गिटारी घडविणारा कारागीर झाला. आमच्या मतें या सर्व वृत्तांताचें मर्म येथें आहे. चार खुर्च्या होत्या. त्यांवरील माणसें बदललीं, पण खुर्ची रिकामी राहिली नाहीं, कारण घरांत कोणी तरी शिकत होतें.

आतां आमच्या त्या जुन्या उत्तराविषयीं. मंदिरांत कोणतें वाद्य असावें याविषयीं पवित्र ख्रिस्तसभेनें वेळोवेळीं विचार केला आहे. पोप दहावे पायस यांनीं २२ नोव्हेंबर १९०३ रोजीं पवित्र संगीताविषयीं आदेश काढला. त्यांत पियानो तसेंच ढोल, झांजा यांसारखीं गोंगाटी वाद्यें मंदिरांत वर्ज्य ठरविलीं. त्या काळच्या नाटकी संगीतापासून उपासनेचें रक्षण व्हावें हा त्यांचा हेतु होता. १९५५ मध्यें पोप बारावे पायस यांनीं व्हायोलिनादि वाद्यांस अनुकूल शब्द लिहिले. पुढें ४ डिसेंबर १९६३ च्या उपासनाविषयक संविधानांत दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें ऑर्गनचा मान कायम राखून असें ठरविलें कीं, जीं वाद्यें पवित्र कार्यास योग्य आहेत किंवा योग्य करतां येतील, जीं मंदिराच्या प्रतिष्ठेस शोभतात व श्रद्धावंतांची खरोखर उन्नति करितात, तीं अधिकाऱ्यांच्या संमतीनें स्वीकारतां येतात. 'योग्य करतां येतील' या शब्दांकडे वाचकांनीं लक्ष द्यावें. परिषदेनें वाद्यास जन्मजात पवित्र वा अपवित्र ठरविलें नाहीं. तें योग्य करण्याचें काम माणसावर सोपविलें. आम्हीं त्या दोघां तरुणांस तें काम करूं दिलें नाहीं, आणि त्यांस शिकविण्याचा स्वतःचा धर्मही पाळला नाहीं. आमचा दोष तो.

त्याचबरोबर दुसरीही बाजू स्पष्ट सांगणें अवश्य आहे. रोमेरो मंडळींचें वादन सभागृहाचें आहे. तें जसेंच्या तसें मिस्सांत आणावें असें आम्ही म्हणत नाहीं. गिटार हातीं आली, चार स्वरसंघात बसले, कीं लगेच माळ्यावर चढावें, हेंही योग्य नव्हे. मंदिरांत गिटारीनें मुख्य होऊन बसूं नये. लोकांच्या कंठांतून निघणाऱ्या स्तोत्रामागें तिनें मावेल तेवढेंच वाजावें. दुसऱ्याकडे सुरावट गेली कीं आपला आवाज खालीं आणावा, हा त्या चतुष्टयाचा नियम वेदीसमोर दुप्पट लागू होतो.

हा धडा आपणांस परका नाहीं. गोमंतकांत धर्मग्रामाच्या शाळांतून मुलांस स्वरलेखन व व्हायोलिन शिकविण्याची परंपरा शतकांची आहे. तेथील मांडो गाण्यास व्हायोलिन, गिटार व घुमट यांची साथ असे. पाश्चात्य व एतद्देशीय वाद्यें एका ओसरीवर नांदत. माजोर्डा गांवच्या मंदिरांतील गायनमास्तरांचा मुलगा अँथनी गोन्साल्विस मुंबईस गेला, चित्रपटांच्या वाद्यवृंदांत नांवारूपास आला, आणि १९५८ मध्यें हिंदी व पाश्चात्य संगीताचा मेळ घालणारा मोठा वाद्यवृंद त्यानें उभा केला. बापानें मुलास दिलेली विद्या किती लांब जाते याचें हें आपल्याच किनाऱ्यावरील उदाहरण. आपल्याही घरांत सायंप्रार्थनेनंतर स्तोत्र गाण्याची चाल होती. तीं स्तोत्रें आजीच्या तोंडून नातवंडांस पाठ होत. माळा भरलेला होता, कारण ओसऱ्या भरलेल्या होत्या.

म्हणून या महोत्सवाच्या वर्षीं धर्मग्रामास आमची विनंति थोडी आहे. गायकवृंदास नवें वाद्य घेऊन देणें सोपें आहे. वर्गणी जमली कीं तें होतें. त्याआधीं प्रत्येक कुटुंबानें आठवड्यांतून एक संध्याकाळ तरी एकत्र गावें. ज्याला येतें त्यानें आपल्या मुलास शिकवावें, व ज्याला मूल नाहीं त्यानें शेजाऱ्याच्या मुलास शिकवावें. सेलेदोनियोंपाशीं युद्धांत जळलेलें शहर होतें, रिकामी चूल होती आणि एक गिटार होती; त्यांनीं मुलांस जें दिलें तें देण्यास याहून अधिक कांहीं लागत नाहीं.

आणि ते दोन तरुण, जे आतां आमच्यासारखेच उतरत्या वयाकडे झुकले असतील, त्यांच्या हातीं ही स्मरणिका पडली, तर त्यांनीं आमची क्षमा स्वीकारावी. आमच्या येथील माळ्यावर दोन खुर्च्या रिकाम्या आहेत. स्वतः यावें, अथवा मुलांस पाठवावें. या वेळीं आम्ही आधीं ऐकूं. संत सिसिलिया आपल्या सर्वांसाठीं विनंति करो, आणि ज्या परमेश्वरानें मनुष्यास कंठ व बोटें दिलीं, त्याची स्तुति आपल्या घरांतून निघून त्याच्या मंदिरांत पोंचो.